कलमं बांधणाऱ्याचा डबा

कलमाच्या टेबलावर माझ्या डाव्या हाताला ज्या मावशी बसतात, त्यांनी मला डबा भरायला शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं लिहिता लिहिता मी फुशारक्या मारीन आणि वाचणाऱ्याला वाटेल, पोरगा लई हुशार आहे. पोरगा हुशार नाही. मावशी हुशार आहेत.

नात्यानं त्या माझ्या कुणी लागत नाहीत. पिंपळवंडीच्या शिवारात आमची नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबीची रोपं ट्रेमध्ये वाढवून शेतकऱ्यांना देतात. तिथल्या बायका एकमेकींना ताई, मावशी, वैनी म्हणतात, म्हणून मीपण म्हणतो. माझं गाव इथून फार लांब, पार वैनगंगेच्या काठाला. आठवीत शाळा सुटली. शेडनेट उभारणाऱ्या टोळीबरोबर इकडं आलो. काम संपल्यावर टोळी परत गेली, मी राहिलो, कारण नर्सरीत पोती उचलायला माणूस पाहिजे होता. ट्रेमध्ये मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा भरतात, कोकोपीट म्हणतात त्याला. त्याची पोती मी उचलायचो. कुणाशी बोलायची वेळ येत नसे आणि मला ते बरं वाटायचं. बोललो की माझ्या तोंडून 'का'च्या जागी आमच्याकडचं 'काहून' निघायचं आणि बायका हसायच्या.

मग एक दिवस कलमाच्या खोलीतली एक मुलगी लग्न होऊन सासरी गेली. आमच्या सुपरवायझर मॅडमनी मला ठिबकच्या बारीक नळ्या जोडताना पाहिलं होतं. म्हणाल्या, "तुझी बोटं चांगली चालतात. आत बसून बघतोस का?"

कलमाची खोली म्हणजे नर्सरीचं देवघरच. चपला बाहेर, अंगात पांढरा कोट, आधी साबणानं हात धुवायचे आणि मग ते दुधाच्या पाण्यात बुडवायचे. दुधानं हातावरचे रोगाचे विषाणू मरतात म्हणे. राजुरीहून येणाऱ्या एक ताई दर वेळी म्हणायच्या, "आमच्याकडं दूध डेअरीला जातंय, आन् हितं हात धुवायला!" आत टेबलं, टेबलांवर ब्लेडची पाती. रानवांग्याच्या कोवळ्या रोपाचा शेंडा तिरका कापायचा, टोमॅटोचा शेंडा तसाच तिरका कापून त्यावर बसवायचा आणि वर ज्वारीच्या दाण्याहून जराशी मोठी क्लिप लावायची. मूळ रानवांग्याचं, फळ टोमॅटोचं. रानवांग्याचं मूळ जमिनीतल्या रोगाला दाद देत नाही, म्हणून हा खटाटोप. दोन्ही काप एकमेकांवर नीट बसले तर रोप जगतं. केसाएवढं जरी हललं तरी आठवड्यात मान टाकतं.

टेबलावर मी एकटाच गडी. बाकी सगळ्या बायका. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'पावणं' ठेवलं.

सकाळी माझी कलमं सुरेख व्हायची. मॅडम भिंग लावून बघायच्या आणि मान हलवायच्या. पण दुपार झाली की माझा हात कापायला लागायचा. ब्लेड धरलेलं बोट आपलं आपणच थरथरायचं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. एका ट्रेतली अर्धी रोपं ताठ आणि अर्धी आडवी, असं दोनदा झालं. तेव्हा मॅडमनी मला बाजूला घेतलं. रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "सकाळची तुझी रोपं एक नंबर, दुपारची झोपतात. महिनाअखेरीला मोठी ऑर्डर आहे. ती बॅच बघू. नाही जमलं तर तू आपला पोत्यांकडे बरा."

पोत्यांचं काम वाईट नव्हतं. पण कलमं बांधताना मला पहिल्यांदाच असं वाटलं होतं की, ज्याला शाळेनं सोडलं त्यालासुद्धा काहीतरी येतं. ते हातातून जाणार, या भीतीनं हात आणखीच कापायचा.

दुपारी सगळ्या बायका शेडमध्ये गोल करून जेवायला बसायच्या. मी पोत्यांमागं जायचो. एका दुपारी बिस्किटाचा पुडा फोडत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय वो पावणं, हितं का लपलाय? चोरून खाताय का काय?"

मावशी होत्या. हात कमरेवर, पदर खोचलेला.

"नाही जी. इथं सावली बरी आहे."

"सावली शेडमधी बी हाय. सकाळच्याला काय खाल्लं?"

"चहा."

"आन् रातच्याला?"

"वडापाव."

"काल दुपारी?"

मी पुडा दाखवला. मावशींनी माझा उजवा हात धरला, उलटा-सुलटा करून बघितला, बाजारात वांगं बघतात तसा.

"आन् म्हनं हात कापतोय! ह्यात हाय काय कापायला? डबा का न्हाई आणत?"

खरं सांगायला लाज वाटत होती. मला फक्त भात येतो. दुपारी भात खाल्ला की झोप येते, आणि दहा बायकांच्या मधोमध नुसत्या भाताचा डबा उघडायचा म्हणजे त्याला 'काहून'पेक्षा जास्त हसतील. हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

मावशी हसल्याच. पण म्हणाल्या, "आज सांजच्याला घरी या. मेंढरांच्या वाड्याशेजारी आमचं घर. कुणाला बी इचारा."

त्यांचं घर धनगराचं. आता शेती आहे, मुलगा चाकणला कंपनीत जातो, पण सासऱ्यांनी अजून थोडी मेंढरं ठेवली आहेत. म्हातारे ओट्यावर बसले होते. मी कशासाठी आलोय ते कळल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गड्याला सैपाक येत न्हाई? आमी मढ गावाकडनं घाट उतरून कोकणात जायचो तव्हा कोण व्हतं रांधायला? मेंढरं?"

"मामंजी, त्यो शिकायलाच आलाय," मावशी आतून म्हणाल्या.

"मंग शिकव. न्हाईतर वाड्यात कोंड, दोन दिसांत बें बें करंल."

त्या संध्याकाळी मला कळलं की डबा भरणं ही स्वयंपाकाहून वेगळी विद्या आहे. मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाला लागतं ते जेवण मावशींना ठाऊक होतं. फार ओलं नको, सांडतं. दुपारपर्यंत आंबायला नको. आणि कलमाच्या टेबलावरच्या माणसाला तेलकट तर मुळीच नको, कारण बोट निसटलं की क्लिप निसटते. आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी सांगितली नाही, कारण नर्सरीत काम करणाऱ्याला ती माहीतच असणार असं त्या धरून चालल्या. त्यावरून पुढं काय झालं ते सांगतोच.

आधी भाकरी थापायला लावली. माझी भाकरी परातीतून उचलली की मधोमध तिच्या वाटण्या व्हायच्या, भावाभावांच्या जमिनीसारख्या. चार वेळा झाल्यावर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या राव. भाकरी पुढच्या जल्मी. आधी धपाटं शिका." ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, चिरलेली मेथी, लसूण, ओवा, तीळ. ओल्या फडक्यावर थापायचं आणि फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं सोडवायचं. माझं पहिलंच धपाटं तव्यावर अख्खं पडलं! मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेर मेंढरं उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी अंधारातच जाग आली. परीक्षेच्या दिवशी यायची तशी. माझ्या भाड्याच्या खोलीत एकच शेगडी, एक तवा, एक पातेलं. धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी मावशींनी दिली होती. डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि पळत सुटलो. दुपारी गोलात जाऊन बसलो. झाकण काढलं तर आत पाणीच पाणी. धपाटे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे.

"गरम गरम झाकलं व्हय?" राजुरीच्या ताई म्हणाल्या. "त्येला घाम सुटला की वो!"

"घाम पावण्यालाच सुटलाय," दुसरी म्हणाली.

सगळ्या खो खो हसल्या. आणि हसता हसता प्रत्येकीनं एकेक तुकडा उचलून खाल्लासुद्धा. इथली रीत अशी की डब्याचं झाकण उलटं करून गोलाच्या मध्ये ठेवायचं, आणि प्रत्येकीनं आपल्यातलं थोडं दुसरीच्या झाकणावर टाकायचं. माझं झाकण भरलं. वांग्याचं भरीत, मुगाची डाळ, कुणाचा तरी लसणाचा ठेचा. त्या दुपारी हात कमी कापला. कापला, पण कमी.

मग मला जे वेड लागलं ते सांगून पटणार नाही. काम करताना डोक्यात उद्याचा डबा! मावशी ब्लेड चालवता चालवता हळूच सांगायच्या आणि मी मान खाली घालून ऐकायचो. रात्रीची भाकरी उरली की सकाळी ती कुस्करायची, कांदा आणि हळदीची फोडणी द्यायची, वर दाण्याचं कूट. पाच मिनिटांत डबा. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे रात्री रश्शाबरोबर खायचे, उरलेले सकाळी आटवून कोरडे करायचे. चव दुप्पट होते. बेसन घट्ट शिजवून ताटाला थापलं की वड्या पडतात, एका हातानं खाता येतात. मटकी भिजवून फडक्यात बांधून खुंटीला टांगली आणि दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं, तर आत पांढरे पांढरे मोड! दिवसभर हजारो बियांना कोंब फुटताना बघणारा मी, पण त्या वाटीभर मटकीसाठी खोलीत एकटाच नाचलो.

गावाकडं आईला फोन केला. आधी मी फोन करायचो ते रडका. आता आई हॅलो म्हणायच्या आत सांगायचो, आज पाटवड्या, उद्या उसळ. आई म्हणाली, "तू तिकडं काम करतो का खानावळ चालवतो?" मग म्हणाली, "आयते करून दे न बाबू त्यांना." आयते म्हणजे आमच्याकडची तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी. मी म्हटलं, आधी ही बॅच होऊ दे.

मोठ्या ऑर्डरचा दिवस आला. त्या दिवशीची सगळी कलमं एकाच बॅचमध्ये जाणार आणि त्यावर माझं ठरणार. मी मनाशी म्हटलं, आज असा डबा नेतो की सगळ्यांनी बघत राहावं. माझ्या भाड्याच्या खोलीच्या मालकांनी आदल्या संध्याकाळी टोमॅटोनं भरलेली पिशवी दिली होती. हंगामात इथं टोमॅटो कुणी विकत घेत नाही, कुणी ना कुणी देतंच. लालभडक, घट्ट फळं. मी त्यांची कोशिंबीर केली. दाण्याचं कूट, मीठ, थोडी साखर, हिरवी मिरची बारीक चिरून. काय तो रंग! बरोबर धपाटे, पूर्ण गार करून मग झाकलेले.

सकाळ छान गेली. हात दगडासारखा स्थिर. दुपारी गोलात बसलो, कोशिंबिरीचा डबा मध्ये ठेवला आणि ऐटीत झाकण काढलं.

कुणी हात पुढं केला नाही. राजुरीच्या ताईंनी तर आपला डबा मागं ओढला.

"आगं बया! कच्चा टोमॅटो?"

"काहून? काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि कुणी हसलं नाही.

मावशींनी झाकण उचलून खाडकन लावलं. "गेटावरली पाटी वाचली न्हाईस?"

त्या मला पहिल्यांदाच 'अरे-तुरे' करत होत्या. पाटी मी वाचली होती. 'तंबाखू, गुटखा' एवढं वाचलं, मी खात नाही, म्हणून पुढं गेलोच नाही. पुढं लिहिलं होतं, कच्चा टोमॅटो, कच्ची मिरची. बाहेरच्या फळातला रोग हातावर येतो, हातावरून ब्लेडवर आणि ब्लेडवरून हजारो रोपांत. शिजवलेलं चालतं, कच्चं नाही. म्हणून टोमॅटोच्या या मुलखात, टोमॅटोच्याच नर्सरीत, कुणाच्या डब्यात टोमॅटोची फोड नसते. इतक्या दिवसांत ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पहाटे मी याच हातांनी फोडी केल्या होत्या आणि सकाळभर कलमं बांधली होती.

"मॅडमना सांगावं लागंल," मावशी म्हणाल्या. "तूच सांग. मी येते संगट."

आम्ही मॅडमकडं गेलो. मॅडमनी सगळं ऐकलं. एकच विचारलं, "सकाळी आत येताना साबण लावला होतास? दूध?"

"हो जी. दोन्ही."

"त्यो लई घासतो, मॅडम," मावशी मध्येच बोलल्या. "हात हायेत का भांडी, आसं वाटतं बघणाऱ्याला. घाबरट हाय ना."

मॅडमच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. माझे सकाळचे ट्रे त्यांनी वेगळे ठेवायला सांगितले. नजर ठेवायची, काही दिसलं तर जाळायचे. मला म्हणाल्या, "डबा गेटाच्या बाहेर. कोट बदल, कोपरापर्यंत हात धू. दुपारची कलमं मात्र तुझी तूच कर."

दुपारची! नेमकी दुपारची. आणि धपाटेसुद्धा त्याच पिशवीत होते, म्हणजे सगळंच गेटाबाहेर गेलं. हात धुऊन शेडपाशी आलो तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी थेट कलमाच्या खोलीकडं वळलो. मागून मावशींचा आवाज आला.

"ए, कुठं निघालास? हिकडं बस."

गोल अजून तसाच होता. मध्ये एकच झाकण, आणि ते गच्च भरलेलं. बाजरीची अर्धी भाकरी, मेथी, चवळी, पिठलं, कुणाची तरी शेवयाची खीर वाटीत. सगळ्या आपापले डबे पुसत बसल्या होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या.

"मी कसं घेऊ? माझ्याकडं तर द्यायला आज..."

"सावड ठावं हाय का तुमच्याकडं?" मावशी म्हणाल्या. "आज माझ्या रानात तू खुरपायचं, उद्या तुझ्या रानात मी. आज तुझं रान हाय. जेव गुमान. हात कापला तर आमचं नाव जाईल."

"आन् शेवया पयल्या खा," राजुरीच्या ताई म्हणाल्या, "न्हाईतर मी खाते."

मी जेवलो. डोळ्यांत पाणी होतं आणि पिठलं तिखट होतं, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. मग साबण, दूध, नवा कोट, आणि टेबल. पहिला काप घेतला तेव्हा श्वास रोखला होता. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग विसरलो. मावशी शेजारी गुणगुणत होत्या आणि माझ्या क्लिपा एकामागून एक बसत होत्या, टिक, टिक, टिक. ऊन कलल्यावर मॅडम भिंग घेऊन आल्या, दोन-चार रोपं बघितली आणि पुढं गेल्या.

कलमं चेंबरमध्ये गेली. तिथं अंधार आणि ओल असते, आठवडाभर दार उघडायचं नसतं. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. रोज येता-जाता चेंबरच्या दाराला कान लावायचो, रोपांचा जसा काही आवाज येणार होता. मावशी म्हणायच्या, "आंड्यावर कोंबडी बसत न्हाई येवढी!"

दार उघडलं त्या सकाळी मी सगळ्यांच्या मागं उभा होतो. मॅडमनी माझ्या नावाची पट्टी लावलेला दुपारचा ट्रे बाहेर काढला. उजेडात धरला. रोपं ताठ! ओळीत, एकसारखी ताठ, पानांवर पाण्याचे थेंब. तुरळक दोन-तीन कललेली, ती सगळ्यांचीच कलतात. वेगळे ठेवलेले सकाळचे ट्रेही निर्मळ निघाले. मॅडम म्हणाल्या, "तू आता इथंच," आणि दुसऱ्या ट्रेकडं वळल्या. मी मात्र मावशींचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. त्या ओरडल्या, "आरं सोड, काप लागंल बोटाला!"

दुसऱ्या दिवशी मी आयते नेले. पहाटेपासून घातले, एकेक गार करून, तेलाचा नुसता हात लावून, दाण्याच्या चटणीबरोबर. झाकणांवर टाकता टाकता माझ्यासाठी दीडच उरला. राजुरीच्या ताईंनी कसे करायचे ते विचारलं आणि मी, आठवीत शाळा सुटलेला, दहा बायकांना समजावून सांगत होतो. तांदूळ किती भिजवायचा, पीठ किती पातळ. बोलण्यात दोनदा 'काहून' आलं. त्याही 'काहून, काहून' करत होत्या, आणि मीच हसत होतो.

त्या गडबडीत माझं लक्ष मावशींकडं गेलं. त्यांनी अजून एक घास खाल्ला नव्हता. दोन आयते पदराखाली झाकून ठेवले होते. "मामंजींसाठी," म्हणाल्या. मी विचारलं, तुमच्या घरी सकाळी किती डबे भरता? त्यांनी बोटांवर मोजले: सासऱ्यांचा रानातला, नवऱ्याचा, मुलाचा, आणि शेवटी स्वतःचा, तोही उरल्यासुरल्याचा. "आणि तुमचा कधी कुणी भरून दिला का?" मी विचारलं.

मावशींना जणू माझा प्रश्नच कळला नाही. "मला कोण भरून देतंय, राव?" म्हणाल्या आणि उठून हात धुवायला गेल्या.

सध्या माझ्याकडं एकच शेगडी आहे, आणि सकाळी वेळ पुरत नाही. पण दुसरी शेगडी येईल, थोडी मोठी खोली मिळेल. तेव्हा मावशी, तुमचा डबा मी भरणार. एक दिवस नाही, पुरा हंगाम. पहाटे तुमच्या ओट्यावर आणून ठेवीन, गार करून, नीट झाकून, आणि रोज त्यात वेगळं काहीतरी असेल. आत काय आहे ते दुपारी तुम्ही स्वतः उघडाल तेव्हाच तुम्हाला कळेल. तोवर भाकरीसुद्धा शिकतो.